पाणंदीचा झाला मार्ग

मालवण तालुक्यात कुणाला पत्ता विचारला, तर तो आधी तुमची चौकशी करतो. "खंयचे तुमी? कोणाकडे जावचा हा? थोरल्याकडे की धाकट्याकडे?" विचारणारा माणूस बँकेचा वसुलीवाला नाही, कोर्टाचा बेलीफ नाही आणि मुलगी बघायलाही आलेला नाही, एवढी खात्री पटली की मग रस्ता सांगायला सुरुवात होते. तीही अशी: "हंयसून सरळ जावा. पुढे एक फणस होतो, तो पावसात पडलो. थंयसून उजव्याक." पडलेल्या फणसावरून उजवीकडे कसं वळायचं, हा प्रश्न फक्त परक्याला पडतो. गावातल्या माणसाला तो फणस अजून दिसतो.

पिढ्यान्‌पिढ्या हे सुरळीत चाललं होतं. पोस्टमनला पाकिटावर नाव आणि 416606 एवढं पुरत होतं. बाकीचं तो आडनाव आणि अक्षरावरून ताडायचा. अशा गावात मी मुंबईची नोकरी संपवून कायमचा राहायला आलो. हातात फोन होता आणि खिशात वेळ होता. चाकरमानी गणपतीपुरता आला तर गावाला सोसवतो. तो परत गेलाच नाही तर काय होतं, हे आमच्या वाडीने माझ्या रूपाने पाहिलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि त्यातले निम्मे सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

सुरुवात अगदी सात्त्विक होती. फोनमधल्या नकाशात आमची वाडी खाडीत दाखवली होती. म्हणजे वाडीच्या नावाची पिन भर पाण्यात, कांदळवनाच्या पलीकडे उभी. मी ती उचलून जमिनीवर आणली, 'दुरुस्ती सुचवा' वर बोट ठेवलं आणि काही दिवसांनी निरोप आला की तुमची सुधारणा स्वीकारली आहे, आभारी आहोत, हे घ्या गुण. उभ्या नोकरीत माझी सुधारणा कुणी स्वीकारली नव्हती. मी पाघळलो.

हे गुणांचं प्रकरण एकदा समजून घेतलं पाहिजे. नवी जागा टाकली की 15 गुण. नवा रस्ता टाकला की 15. अभिप्राय लिहिला की 10, फोटो टाकला की 5, आणि दुसऱ्याने दिलेली माहिती बरोबर आहे का ते तपासलं की 1. गुण साठले 250, की नावाशेजारी बिल्ला लागतो. सगळ्यात वरची म्हणजे दहावी पायरी एक लाख गुणांना आहे. या गुणांचं पुढे काय करायचं, असं बायकोने विचारलं. रेशनवर चालतात का, असंही विचारलं. मी तिला 2010 सालचा हैतीचा भूकंप सांगितला. जगभरच्या लोकांनी घरी बसून, उपग्रहाच्या चित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या खुल्या नकाशात काढले होते, आणि मदत करणारी पथकं तो नकाशा घेऊन फिरत होती. बायको म्हणाली, "बरं. आधी खळ्यातल्या सुपाऱ्या उचला, भूकंप झाला तर पाय घसरेल."

गुण मिळवायला म्हणून आधी मालवणात गेलो, तर तिथे माझ्यासाठी काही शिल्लकच नव्हतं. किल्ला, चिवला, रॉक गार्डन, तारकर्ली, सगळीकडे लोकांनी हजारांनी लिहून ठेवलेलं. सिंधुदुर्ग किल्ल्याला एकाने पाचापैकी एकच तारा दिला होता, कारण तिथे होडीने जावं लागतं. 1664 साली महाराजांनी कुरटे बेट निवडलं ते नेमकं याच कारणासाठी, असं त्या गृहस्थाला लिहावंसं वाटलं, पण उत्तराला गुण नव्हते.

मग देवबागेला गेलो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर त्याला लोक त्सुनामी आयलंड म्हणू लागले. या बेटाचा आकार नकाशात नीट नाही, असं मी घरबसल्या ठरवलं होतं. ओहोटी होती. फोन हातात धरून मी बेटाच्या कडेकडेने चालत मोजणी करू लागलो. अर्धी प्रदक्षिणा झाली तेव्हा ध्यानात आलं की ज्या कडेवरून मी आलो ती कड आता नाही. भरती लागली होती. होडीवाल्याने मला ढोपरभर पाण्यातून ओढून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, काय पडला तुमचा?" बेटाची हद्द शोधत होतो म्हणून सांगायची लाज वाटली, म्हणून चष्मा पडला म्हटलं. तो डोळ्यांवरच होता.

तर असा फिरून फिरून मी आपल्या वाडीत परत आलो. इथे मैदान मोकळं होतं. साकव टाकला, पार टाकला, बंद पडलेली पिठाची गिरण 'कायमची बंद' म्हणून टाकली. एसटीच्या थांब्याचा फोटो टाकला. त्यात थांब्यापेक्षा आत झोपलेला कुत्रा जास्त आहे, आणि एका कोपऱ्यात माझा अंगठा. तो फोटो हजारो लोकांनी पाहिला. उभ्या आयुष्यात माझं इतक्या लोकांनी पाहिलेलं दुसरं काम नाही.

मग मी देवचाराची जागा टाकली.

व्हाळाच्या काठाला एक जुना चाफा आहे. तिथे देवचार असतो, हे वाडीतलं लहान मूलही जाणतं. काठी आपटत, खांद्यावर कांबळं टाकून तो रात्री हद्दीवरून फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. वर्षाला त्याला रोट आणि विडी दिली की झालं. नकाशाने विचारलं, जागेचा प्रकार कोणता? देवचार हा प्रकार यादीत नव्हता. 'प्रार्थनास्थळ' म्हणावं तर देवळाचे मानकरी रागावले असते, 'ऐतिहासिक खूण' म्हणावं तर तो रागावला असता, कारण तो अजून कामावर आहे. शेवटी 'पर्यटनस्थळ' लिहून टाकलं. मग प्रश्न सुरू झाले. इथे चाकाच्या खुर्चीने जाता येतं का? लहान मुलांसाठी योग्य आहे का? इथे रात्री उशिरापर्यंत उघडं असतं का? शेवटच्या प्रश्नाला मी 'होय' दिलं. तेवढं एकच उत्तर मला छातीठोकपणे देता आलं. महिन्याभरात देवचाराला पहिला अभिप्राय आला. तीन तारे. 'जागा शांत आहे, पण पार्किंग नाही.'

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. देवचारानेही मनावर घेतलं नसावं. बिघडलं ते पाणंदीपासून.

आमच्याकडे पाणंद म्हणजे दोन बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे आणि मधून जाणारी वाट. तिची रुंदी डोकीवर गवताचा भारा घेतलेल्या बाईच्या मापाची. समोरून दुसरी आली तर एकीने गडग्याला पाठ लावून उभं राहायचं. आमची पाणंद डांबरी रस्त्यावरून सुटते, आबांच्या हिश्शातून खाली उतरते आणि भाईंच्या मागील दारावरून खाडीला जाते. आबा आणि भाई सख्खे भाऊ. आपल्या घरापर्यंत गाडी यावी ही भाईंची मागणी, आणि आपल्या हिश्शातून गाडी जाणार नाही ही आबांची प्रतिज्ञा. हा वाद त्यांना वडिलांकडून घराबरोबर वारशाने मिळाला. वडील आणि चुलते यांच्यात तो आधीपासून चालू होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण नकाशात वरून बघितलं की भाऊबंदकी दिसत नाही. माडाआंब्यांच्या गर्दीत एक सरळ फट दिसते, डांबरापासून पाण्यापर्यंत. मी तिच्यावरून बोट फिरवलं. रस्ता झाला. 15 गुण. रस्त्याला नाव काय, असा रकाना आला. तो मोकळा सोडता आला असता. पण मी तिथे माझ्या आजोबांचं नाव घातलं, मागे 'मार्ग' जोडला आणि समाधानाने झोपलो. आमचे आजोबा आपल्या परसातून शेजाऱ्याची कोंबडीसुद्धा जाऊ देत नसत, हे तेव्हा आठवलं नाही.

गावात कुणाला पत्ता लागला नाही, कारण स्वतःच्या घरी जायला कुणी नकाशा उघडत नाही. नाताळच्या आठवड्यात तारकर्लीला मुंगी शिरायला जागा नसते. त्या गर्दीतून वाट काढत, शांत किनारा शोधत, एमएच 09 ची एक भलीमोठी पांढरी गाडी माझ्या आजोबांच्या मार्गाला लागली.

मी पोचलो तेव्हा गाडी पाणंदीत बुचासारखी बसली होती. दोन्ही आरसे मिटलेले, दोन्ही अंगांना चिऱ्यांचा लाल रंग लागलेला. दारं उघडायला जागाच नव्हती, त्यामुळे आतली माणसं मागच्या डिकीतून एकेक करून बाहेर पडत होती. आधी पोरं, मग चिवड्याचा डबा, मग एक आजीबाई. त्यांना दोघींनी धरून उतरवलं, आणि उतरताउतरता त्यांनी विचारलं, "समुद्र आला का?" बॉनेटवर आबांची कोंबडी उभी होती. वाडीतली सगळी माणसं गडग्यावर चढून बघत होती. आणि या सगळ्या गोंधळात आतला फोन चालूच होता. त्यातली बाई शांत, सुशिक्षित आवाजात सांगत होती की सरळ पुढे जा, अमुकअमुक मार्गावर रहा. तिने माझ्या आजोबांचं नाव उच्चारलं. पुन्हा उच्चारलं. गडग्यावरची माणसं गप्प झाली आणि एकेक करून माझ्याकडे वळली.

आबा पुढे आले. "मेल्या, ह्या काय करून ठेवलंस? हो रस्तो काय तुझ्या आजयान बांधल्यान?"

भाई त्यांच्या मागून, जरा मोठ्या आवाजात: "मोबायलात रस्तो दिसता. दिसता म्हणजे आसा."

गाडी मागे घेण्यापुरता गडगा काढावा लागला. ते काम वाडीच्या पोरांनी तासाभरात केलं. गडगा परत लावायचं काम मात्र अजून व्हायचं आहे, कारण काढलेला दगड नेमका कुठे होता यावर दोन घरांचं एकमत नाही. एक हात इकडे की एक हात तिकडे, एवढाच प्रश्न आहे. पण तो भूमी अभिलेखच्या मोजणीशिवाय सुटायचा नाही, आणि भूकरमापक आला की आणखी चार हिस्सेदार मुंबईहून येणार.

भाईंनी तालुक्याचा वकील गाठला. 1906 सालचा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, त्याच्या कलम 5 प्रमाणे वहिवाटीच्या वाटेवर कुणी अडथळा केला तर तो काढण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. भाईंनी म्हणे माझ्या नकाशाचा रंगीत छापील कागद दाव्याला जोडला, आजोबांच्या नावासकट. साहेबांनी तो कागद आडवा धरला, उभा धरला आणि विचारलं की हा मार्ग कुठल्या ठरावाने झाला. माझं नाव दाव्यात कुठेच नव्हतं. तरी त्या दिवसापासून तहसील कचेरीसमोरून जाताना मी चालण्याचा वेग वाढवतो.

तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर वेगळंच चाललं होतं. तिथे एक निवृत्त कारकून रोज पेपर वाचून दाखवतात. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "किनारपट्टीचो नकाशो काढलंस? सीबीआय येतली हां!" मी हसलो. घरी येऊन शोधलं तर हसण्यासारखं नव्हतं. 2008 साली गूगलने 'मॅप मेकर' नावाचं साधन काढलं होतं, त्यात लोकांनी आपापल्या गावाचे रस्ते टाकायचे. 2013 मध्ये त्याची देशभर स्पर्धा झाली, जास्त टाकील त्याला बक्षीस. तेव्हा 1767 पासून या देशाचे नकाशे काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत तक्रार केली आणि प्रकरण खरोखर सीबीआयकडे प्राथमिक चौकशीला गेलं. 2015 मध्ये कुणा टवाळाने त्याच साधनातून पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ, अँड्रॉइडचा हिरवा पुतळा ॲपलच्या चिन्हावर लघवी करतोय असं चित्र बागेच्या रूपात उमटवलं. तेव्हा ते काही काळ थांबवलं गेलं आणि 2017 मध्ये कायमचं बंद झालं. मी रात्रभर विचार करत होतो, माझा गुन्हा कुठल्या जातीचा? लघवीएवढा नक्कीच नाही. पण 4 डिसेंबर 2023 चा नौदल दिन याच किनाऱ्यावर झाला होता, आणि मी तर त्या दिवशी तारकर्लीच्या गर्दीचे फोटोही टाकले होते. पाच गुणांच्या हिशेबाने.

पहाटे पुण्याच्या भाच्याला उठवलं. तो याच धंद्यात आहे. म्हणाला, "मामा, झोपा. 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राने नियम सैल केलेत. आता भारतीयांना नकाशे करायला आधी परवानगी लागत नाही, मोजक्या संवेदनशील गोष्टी सोडल्या तर. आणि तुमची पाणंद संवेदनशील असली तरी त्या यादीत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "एवढी हौस होती तर ओपनस्ट्रीटमॅपवर काढायचं. स्टीव्ह कोस्ट नावाच्या इंग्रजाने 2004 मध्ये ते सुरू केलं. तिथे पायवाट वेगळी, बैलगाडीची वाट वेगळी, मोटारीचा रस्ता वेगळा नोंदवता येतो. रुंदीसुद्धा लिहिता येते." मी विचारलं, तिथे गुण मिळतात का? त्याने फोन ठेवला.

आबांच्या बाजूच्या लोकांनी प्रकरण देवळात नेलं. कोर्ट वर्षं घेतं, रवळनाथ त्याच सकाळी सांगतो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान चुकीमाकीन जो काय रस्तो मोबायलात काढल्यान हा, तो पुसून टाकूची बुद्धी तेका दी, आणि भावाभावांत जा काय वाकडानाकडा झाला आसात ता सरळ कर. "होय म्हाराजा," असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो, जरा जास्तच मोठ्याने. कौल उजवा आला. पुसावा.

देवळाच्या पायरीवर बसून, चाळीसएक माणसांच्या देखत, मी रस्ता काढून टाकण्याची विनंती पाठवली. निरोप आला: तुमची सूचना तपासणीत आहे. मानकऱ्यांनी विचारलं, कोण तपासता? मला सांगता येईना. देवाने उजवा कौल दिल्यावर पुढे आणखी कोण तपासतं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आठवड्याने उत्तर आलं की सूचना स्वीकारता येत नाही. दुसऱ्या वापरकर्त्यांनी तिथे रस्ता असल्याला दुजोरा दिला होता. कोल्हापूरकरांनी फोटो टाकले होते, पाणंदीचे, गाडीचे, कोंबडीचे. आजीबाईंनी चार तारे दिले होते. आजोबांचं नाव तेवढं मी पुसून घेतलं. त्याला कुणी दुजोरा दिला नव्हता.

आता पाणंदीच्या तोंडाशी आबांनी माडाचा ओंडका आडवा टाकलाय. गाड्या डांबरावर थांबतात आणि माणसं चालत खाली उतरतात. खाली भाईंचं मागील दार लागतं. एकदा एकाने तिथे पाणी मागितलं, दुसऱ्याने जेवण मिळेल का विचारलं, आणि भाईंच्या सुनेने सुरमईची तुकडी तळून दिली. मे महिन्यात तिथे पत्र्याची शेड उभी राहिली. घरगुती जेवण, सोलकढी, तिसऱ्यांचं सुकं, आगाऊ सांगितल्यास वडे-सागोती. एवढे दिवस मला बघून वाट बदलणाऱ्या भाईंच्या नातवाने घरी येऊन सांगितलं, आजोबा म्हणतात खानावळ नकाशात टाका. टाकली. 15 गुण. जेवून अभिप्राय लिहिला, 10. कढीचा फोटो, 5.

चार दिवसांनी आबा आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा आणि नातीचा मोबाईल. त्यांनी खळ्यात खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही पिन बघ. माझ्या हिश्शात इली हा."

मी बघितलं. नकाशा होईल तेवढा मोठा केला. माझं बोट गडग्याहून जाड असल्यामुळे पिन टाकताना ती हातभर इकडे पडली होती, आबांच्या सुपारीच्या बागेत. म्हटलं, "आबा, चुकला. आत्ता सरकवतंय."

"खबरदार," आबा म्हणाले. "ती थंयच रवांदे. खानावळ माझ्या जागेत चलता असा सरकारच्या मोबायलात दिसता. आता भाडा कसा देणा नाय ता बघतंय."

हे भाईंना संध्याकाळच्या आत कळलं. तेव्हापासून भाईंच्या घरून एक दिवसाआड बांगडे येतात, पिन चार बोटं पलीकडे घ्या म्हणून. आबांकडून सोलं आली, आगळाची बाटली आली, पिन हलवू नका म्हणून. बायको एकीकडचे बांगडे दुसरीकडच्या सोलांत शिजवते आणि मला काही विचारत नाही. मी दोघांनाही सांगितलंय की सूचना तपासणीत आहे.